ओटीसी शेअर्समधला व्हॉल्यूम कसा वाचावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहतो. इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत शेअर बाजाराचा विषय निघाला, की कोणीतरी फोन पुढे करून दाखवतो : दोन सेंटचा एक शेअर, कालपर्यंत निपचित पडलेला, आज व्हॉल्यूम, म्हणजे दिवसभरात हात बदललेले शेअर्स, चार कोटी. "काहीतरी शिजतंय ना?" शिजत असते हे खरे, पण ते कोणासाठी, हे त्या आकड्यावरून कळत नाही. एनएसईवरच्या शेअरचा व्हॉल्यूम वाचायची आपली सवय इथे जशीच्या तशी चालत नाही. ती चालवायला गेल्यामुळे घामाचे पैसे गमावलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत. म्हणून हे प्रश्न, जसे विचारले गेले तसे.

ओटीसी म्हणजे नेमके काय? आपल्या एनएसई-बीएसईपेक्षा वेगळे काय?

ओटीसी म्हणजे ओव्हर-द-काउंटर. न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंज किंवा नॅसडॅकवर नोंद नसलेल्या कंपन्यांचे शेअर्स इथे ब्रोकर-डीलर आपापसात घेतात-विकतात. सगळ्यांच्या ऑर्डरी एका जागी गोळा करून जुळवणारे मध्यवर्ती यंत्र इथे नाही. मार्केट मेकर म्हणवणाऱ्या पेढ्या 'या भावाला घेऊ, त्या भावाला देऊ' असे दर लावतात आणि तुमचा ब्रोकर त्यांच्याकडे तुमची ऑर्डर नेतो. हे दर पूर्वी गुलाबी कागदावर छापून वाटले जात, त्यावरून 'पिंक शीट्स' हे नाव पडले आणि कागद गेला तरी टिकले.

आज ही दर दाखवण्याची यंत्रणा मुख्यतः ओटीसी मार्केट्स ग्रुप ही कंपनी चालवते. तिने कंपन्यांचे थर केले आहेत : वर ओटीसीक्यूएक्स, त्याखाली ओटीसीक्यूबी, आणि जुलै २०२५ पासून त्याखाली ओटीसीआयडी व पिंक लिमिटेड. एक्स्पर्ट मार्केट त्याहूनही खाली. व्हॉल्यूमकडे वळण्याआधी आपला शेअर कोणत्या थरात आहे ते बघा, कारण एकाच आकड्याचा अर्थ वरच्या थरात एक आणि तळाशी दुसरा होतो.

मुंबईतही अशा नावाचा प्रयोग झाला होता. ओटीसी एक्सचेंज ऑफ इंडिया १९९० साली स्थापन झाले, १९९२ मध्ये सुरू झाले. छोट्या कंपन्यांना भांडवल मिळावे हा हेतू चांगला होता, पण सौदे आटत गेले आणि २०१५ साली त्याची मान्यता संपली. व्हॉल्यूम नसलेल्या बाजाराचे काय होते, ते आपल्याकडच्या जुन्या दलालांना वेगळे सांगावे लागत नाही.

स्क्रीनवर दिसणारा व्हॉल्यूमचा आकडा येतो कुठून?

सौदा झाला की ब्रोकर-डीलरने तो फिनरा या नियामक संस्थेच्या यंत्रणेला १० सेकंदांच्या आत कळवायचा असतो. अशा कळवलेल्या सौद्यांची बेरीज म्हणजे व्हॉल्यूम. एक्सचेंजवर सौदा आणि त्याची नोंद एकाच यंत्रात, एकाच क्षणी होते. इथे सौदा एकीकडे होतो आणि त्याची वर्दी दुसरीकडे जाते. उशिरा आलेले, दुरुस्त केलेले, सरासरी भावाचे असे सौदेही त्याच बेरजेत येतात. त्यामुळे पडद्यावर सौद्यांचा क्रम जसा दिसतो तसाच तो घडला असेल, असे धरून चालू नका.

एकच माल दोनदा मोजला जातो, हे खरे का?

पुष्कळदा, हो. समजा एकाने १०,००० शेअर्स मार्केट मेकरला ४० सेंटला विकले. मार्केट मेकरने ते स्वतःच्या खात्यात घेतले आणि थोड्या वेळाने दुसऱ्या गिऱ्हाइकाला ४२ सेंटला दिले. हे दोन सौदे झाले, दोन्ही कळवले गेले, व्हॉल्यूम दिसला २०,०००. विकणारा एक, घेणारा एक, हात बदललेला माल १०,०००. एक्सचेंजवर हे दोघे थेट जुळले असते आणि आकडा १०,०००च दिसला असता.

प्रत्येक वेळी असेच होते असे नाही. गिऱ्हाइकाची ऑर्डर हातात असताना मार्केट मेकरने त्याच भावाला माल उचलून त्याच्याकडे सरकवला, तर तो एकच सौदा म्हणून नोंदला जातो. म्हणून सरसकट निम्मा करा असा नियम मी सांगणार नाही. मनात मात्र आकडा थोडा खालीच धरावा. नॅसडॅक डीलरांचा बाजार होता तेव्हा त्याच्या आणि न्यूयॉर्क एक्सचेंजच्या व्हॉल्यूमची तुलना करू नये असे सांगितले जाई, ते याच कारणाने.

व्हॉल्यूम शेअर्सच्या संख्येत बघावा की डॉलरमध्ये?

डॉलरमध्ये. आधी डॉलरमध्ये, मग बाकी सगळे.

एक कोटी शेअर्सचा व्हॉल्यूम ऐकला की छाती दडपते. भाव ०.००२ डॉलर असेल तर ती दिवसाची सगळी उलाढाल २०,००० डॉलरची झाली. न्यू जर्सीतले बऱ्यापैकी चालणारे एखादे किराणा दुकान गर्दीच्या दिवसांत एवढी विक्री करू शकते. उलट २५ डॉलरच्या शेअरचा ४०,००० व्हॉल्यूम दिसायला क्षुल्लक, पण ते १० लाख डॉलर झाले. पेनी शेअरचा, म्हणजे अगदी स्वस्त भावाच्या शेअरचा, प्रचार करणारे नेहमी शेअर्सची संख्या पुढे करतात, डॉलर कधी सांगत नाहीत. तुम्ही स्वतः गुणाकार करा, तेवढ्यानेच निम्मा मोह उतरतो.

सरासरी व्हॉल्यूम चांगला दिसतो. मग विकायला गेलो की गिऱ्हाईक का मिळत नाही?

कारण सरासरी इथे फसवते. २० दिवसांचा हिशेब घ्या. १८ दिवस रोज २,००० शेअर्स, एक दिवस शून्य आणि एके दिवशी कुठल्याशा बातमीने ४ लाख. बेरीज ४,३६,०००, सरासरी २१,८००. वेबसाइटवर हा २१,८०० दिसतो. तुम्ही म्हणता, माझ्याकडे ३०,००० आहेत, दोन-तीन दिवसांत निघतील. पण तुम्ही ज्या दिवशी विकायला जाल तो दिवस बहुतेक २,०००वाला असेल. त्यातला दहावा भाग आपण घेतला तर भाव फारसा हलणार नाही असे धरले, तरी दिवसाला २०० शेअर्स झाले. ३०,००० संपायला १५० कामाचे दिवस, म्हणजे सात महिने.

म्हणून सरासरी सोडून मधला आकडा काढा : दिवसांचे व्हॉल्यूम लहान-मोठे लावून मधोमध जो येतो तो. वहीवर पाच मिनिटांत होतो. मी हे शिकलो ते खाणकाम करणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या शेअर्समध्ये ११ आठवडे अडकून. कंपनी खोटी नव्हती, भावही फार पडला नव्हता. मी बाहेर पडू शकत नव्हतो, कारण घेणाराच नव्हता. मी विकायला लावलेला प्रत्येक तुकडा भाव आणखी एक पायरी खाली ढकलत होता.

बिडवर, म्हणजे घेणाऱ्याने लावलेल्या भावाशेजारी, दिसणाऱ्या आकड्यावरही भरवसा ठेवू नका. १० सेंटच्या खालच्या शेअरला मार्केट मेकरने दर लावायचा तर किमान १०,००० शेअर्सचा लावावा लागतो, असा फिनराचा नियम आहे. दोन सेंटच्या शेअरला बिडवर १०,००० दिसले तर 'एवढे गिऱ्हाईक आहे' असे वाटते. प्रत्यक्षात त्या मार्केट मेकरने फक्त २०० डॉलरची हमी दिलेली असते.

व्हॉल्यूम प्रचंड आहे, पण भाव हलत नाही. कोणी गुपचूप माल गोळा करतंय का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत आशा असते. गोळा करणारा कधी कधी असतोही. पण ओटीसीच्या खालच्या थरांत या चित्राचा अर्थ बहुतेक वेळा उलटा निघतो : कोणीतरी नवा छापलेला माल ओततो आहे आणि येणारी सगळी मागणी तो गिळतो आहे.

हे कसे होते ते सविस्तर सांगतो. पैशांची चणचण असलेली छोटी कंपनी सावकारासारख्या फंडाकडून कर्ज घेते. परतफेड रोखीने न करता शेअर्समध्ये करून घ्यायचा हक्क फंडाला असतो आणि भाव ठरतो बाजारभावाच्या कितीतरी खाली. उदाहरणार्थ, गेल्या २० दिवसांतल्या सर्वांत कमी भावाच्या निम्म्याने. तो नीचांक दोन सेंट असेल तर ५०,००० डॉलरच्या कर्जाचे एका सेंटने ५० लाख शेअर्स होतात. फंड ते १.६ सेंटला विकून टाकतो, ८०,००० डॉलर पदरात पडतात. या विक्रीने भाव १.२ सेंटवर येतो. मग पुढच्या ५०,००० डॉलरचे शेअर्स ०.६ सेंटने मिळतात, म्हणजे ८३ लाखांहून जास्त. ते विकले की भाव आणखी खाली, आणि तिसऱ्या खेपेला शेअर्स आणखी जास्त. भाव पडला तरी फंडाचे काही बिघडत नाही, त्याचा हिस्सा पडत्या भावाबरोबर फुगत जातो. बिघडते ते आस्कवर, म्हणजे विकणाऱ्याने मागितलेल्या भावाला, माल घेणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्यांचे.

पडद्यावर याची खूण अशी : आस्कवर एकाच भावाला माल असतो, लोक तो घेतात, तो संपतो आणि लगेच तेवढाच पुन्हा येतो. दिवसभर असे चालते. संध्याकाळी व्हॉल्यूम विक्रमी आणि भाव होता तिथेच, नाहीतर किंचित खाली.

ताडून पाहायचा मार्ग आहे, आणि तो फुकट आहे. ओटीसी मार्केट्सच्या वेबसाइटवर कंपनीच्या पानावर बाजारात असलेल्या एकूण शेअर्सची संख्या असते. अनेकदा ती ट्रान्सफर एजंटने, म्हणजे कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या पेढीने, पडताळलेली असते आणि शेजारी तारीखही असते. ती दर महिन्याला वहीत टिपा. तीन महिन्यांत ४० कोटींचे ५५ कोटी झाले असतील तर १५ कोटी नवे शेअर्स आले. त्याच काळातला एकूण व्हॉल्यूम २० कोटी असेल, तर तुम्ही ज्याला 'लोकांचा उत्साह' समजत होता त्याचा मोठा भाग नव्या मालाची विक्री असण्याची शक्यता आहे.

दुसरी गोष्ट तारखांची. नियम १४४ प्रमाणे असे शेअर्स बाजारात विकायला मुभा मिळण्याआधी काही काळ थांबावे लागते : एसईसीकडे (अमेरिकेची सेबी म्हणा) नियमित अहवाल देणाऱ्या कंपनीसाठी सहा महिने, न देणाऱ्यासाठी एक वर्ष. कर्जाचे शेअर्समध्ये रूपांतर होते तेव्हा हा काळ साधारणपणे कर्ज दिल्याच्या तारखेपासून मोजता येतो. म्हणून तिमाही अहवालातल्या टिपांमध्ये कर्जांच्या तारखा शोधा आणि त्यात सहा महिने मिळवा. व्हॉल्यूम नेमका त्या सुमाराला उसळला तर त्याचे कारण तुमच्या हातात आहे. माझ्या मते ओटीसीत करण्यासारखा सर्वांत उपयोगी अभ्यास हाच, आणि तो करणारी माणसे फार थोडी.

संचालक आणि मोठे भागधारक व्हॉल्यूमच्या आडून विकू शकतात का?

त्यांच्यावर मर्यादा आहे. एक्सचेंजवरच्या शेअरसाठी तीन महिन्यांत एकूण शेअर्सच्या १ टक्का किंवा सरासरी साप्ताहिक व्हॉल्यूम, यातला जो आकडा मोठा तेवढे विकता येतात. ओटीसीसाठी व्हॉल्यूमचा पर्याय नाही, फक्त १ टक्का. हा फरक नीट पाहा. व्हॉल्यूम फुगवून जास्त विकायची वाट नियमानेच इथे बंद केली आहे, म्हणजे कायदा करणाऱ्यांनीही या बाजारातल्या व्हॉल्यूमवर विश्वास ठेवलेला नाही.

भाव चढतोच आहे, पण व्हॉल्यूम किरकोळ. मग वाढ खरी का?

भाव हा शेवटच्या सौद्याचा असतो. तो सौदा १०० शेअर्सचा असला, तरी सगळ्या कंपनीची किंमत त्याच भावाने गुणून दाखवली जाते. दोन प्रसंग सांगतो.

२०१४ च्या जून-जुलैमध्ये सिंक टेक्नॉलॉजी नावाच्या कंपनीचा शेअर सुमारे ६ सेंटवरून २१ डॉलरच्या वर गेला. पत्ता बेलीझचा, उत्पन्न शून्य, कर्मचारी एक. एकूण शेअर्स २९ कोटींच्या पुढे, त्यामुळे कागदावर कंपनीची किंमत ६०० कोटी डॉलरच्या पलीकडे गेली. हात बदलणारे शेअर्स या एकूण संख्येच्या मानाने नगण्य होते. ११ जुलै २०१४ रोजी एसईसीने व्यवहार थांबवले.

दुसरा प्रसंग माझ्याच राज्यातला. पॉल्सबरो या छोट्या गावात सँडविच विकणारे एक दुकान होते, होमटाऊन डेली. त्याच्या मालक कंपनीचे सुमारे ७८ लाख शेअर्स आणि भाव १३ डॉलरच्या आसपास, म्हणजे किंमत १० कोटी डॉलर. २०१९ आणि २०२० या दोन वर्षांची मिळून विक्री ३५,७४८ डॉलर. एप्रिल २०२१ मध्ये डेव्हिड आइनहॉर्न या फंड व्यवस्थापकाने गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात हे उघड मांडले, तेव्हा देशभर चर्चा झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिघांवर भाव कृत्रिम चढवल्याचे आरोप ठेवले गेले. आपल्याच खात्यांतून आपल्यालाच विकायचे, म्हणजे व्हॉल्यूमही दिसतो आणि भावही हवा तिथे बसतो, असे त्या आरोपांचे स्वरूप होते.

या दोन्ही ठिकाणी व्हॉल्यूम भावाच्या बाजूने साक्ष देत नव्हता. कमी व्हॉल्यूमवर चढलेला भाव तुम्हाला विकताना मिळेलच असे नाही, हे इथे शब्दशः खरे असते.

अचानक व्हॉल्यूम उसळला, तर बातमी आहे की बनाव, हे कसे ओळखावे?

काही वेळा दोन्ही नसते, नुसती चूक असते. मार्च २०२० मध्ये सगळे जग झूमवर बैठका घेऊ लागले, तेव्हा झूम टेक्नॉलॉजीज नावाच्या भलत्याच कंपनीचा शेअर उसळला. व्हिडिओवाल्या झूमशी तिचा काही संबंध नव्हता. बाजारात तिला ओळखायच्या चार अक्षरी खुणेचा (टिकरचा) उच्चारच 'झूम' होता, खऱ्या कंपनीची खूण मात्र वेगळी. २०१५ पासून तिने अहवालही दिले नव्हते. एसईसीला व्यवहार स्थगित करावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये इलॉन मस्कने 'सिग्नल वापरा' असे दोन शब्द लिहिले आणि त्या ॲपशी संबंध नसलेल्या सिग्नल ॲडव्हान्सचा शेअर काही दिवसांत ६० सेंटवरून ३८ डॉलरच्या वर गेला. व्हॉल्यूम अगदी खरा होता, माणसे खरी होती, पैसेही खरे होते. कंपनी चुकीची होती.

बनाव असेल तर माझ्या अनुभवात क्रम बघण्यासारखा असतो. बातमीआधीच दोन-तीन आठवडे व्हॉल्यूम थोडा-थोडा वर सरकलेला असतो. मग व्हॉट्सॲप, टेलिग्राम, यूट्यूबवर एकाच वेळी टिपांचा पाऊस पडतो. सर्वांत मोठ्या व्हॉल्यूमच्या दिवशी शेअर वर उघडतो, उंच जातो आणि दिवसाच्या खालच्या टोकाजवळ बंद होतो. त्या दिवशी माल हातातून हातात गेला, आणि तो टिप ऐकून आलेल्यांच्या गळ्यात पडला. आपल्या भारतीय बाजारातही यूट्यूबवरून शेअर फुगवणाऱ्यांवर सेबीने मार्च २०२३ मध्ये आदेश काढले होते. तंत्र तेच, पण इथे सर्किट नाही.

सर्किट नाही म्हणजे? आणि डिलिव्हरीची टक्केवारी कुठे दिसते?

भारतात बहुतेक शेअर्सना २, ५, १० किंवा २० टक्क्यांवर कुलूप लागते आणि लोकांना एक रात्र विचार करायला मिळते. अमेरिकेत एक्सचेंजवरच्या शेअर्सना वेगळ्या प्रकारची मर्यादा आहे, ओटीसी शेअर्सना तीही नाही. सकाळी एक डॉलर, दुपारी दहा, संध्याकाळी दीड, असे एकाच दिवसात होऊ शकते. एसईसी व्यवहार थांबवू शकते, एका वेळी जास्तीत जास्त १० कामाचे दिवस.

डिलिव्हरीची टक्केवारी इथे मिळत नाही. आपल्याकडे व्हॉल्यूम वाढला की आपण लगेच डिलिव्हरी बघतो आणि खरी खरेदी किती, नुसती फिरवाफिरव किती याचा अंदाज घेतो. तो आधार इथे नसल्याने मी व्हॉल्यूमला खुल्या बाजारात फिरणाऱ्या शेअर्सच्या संख्येने भागतो. खुले शेअर्स ५० लाख असताना दिवसात २ कोटींचा व्हॉल्यूम झाला, तर प्रत्येक शेअर सरासरी चारदा हात बदलला. तो ठेवण्यासाठी घेणाऱ्यांचा व्हॉल्यूम नव्हे.

हिरवे सौदे म्हणजे खरेदी, लाल म्हणजे विक्री ना?

नाही. प्रत्येक सौद्यात खरेदीही असते आणि विक्रीही. आस्कवर झालेला सौदा हिरवा आणि बिडवर झालेला लाल, असा रंग तुमचे सॉफ्टवेअर अंदाजाने देते. वर्दी काही सेकंद उशिरा आली आणि मधल्या काळात दर सरकला, की रंग चुकतो. बंद होण्याच्या शेवटच्या मिनिटांत १०० शेअर्स वरच्या भावाला घेऊन दिवस 'हिरवा' करणे तर अगदी स्वस्तात जमते.

शॉर्ट व्हॉल्यूम ५० टक्के दाखवतात. म्हणजे कोणीतरी शेअर पाडतंय?

ही समजूत फार पसरली आहे आणि तिने लोकांना तोट्यातल्या शेअरला धरून बसायला लावले आहे, म्हणून नीट सांगतो.

तुम्ही ५,००० शेअर्सची खरेदी ऑर्डर दिली. मार्केट मेकरकडे त्या क्षणी माल नाही. तो तुम्हाला आधी विकतो आणि पुढच्या काही क्षणांत दुसऱ्याकडून घेऊन हिशेब पुरा करतो. त्याने तुम्हाला केलेली विक्री 'शॉर्ट' म्हणून नोंदली जाते. दिवसअखेर त्याच्या अंगावर एकही शेअर उरलेला नसतो. म्हणजे तुमच्याच खरेदीने शॉर्ट व्हॉल्यूम वाढला. फिनराने २०१९ साली स्वतंत्र सूचना काढून हा रोजचा आकडा आणि शॉर्ट इंटरेस्ट या वेगळ्या गोष्टी आहेत असे स्पष्ट केले. शॉर्ट करून प्रत्यक्षात उघडे किती आहे, हे महिन्यातून दोनदा जाहीर होणाऱ्या शॉर्ट इंटरेस्टवरून कळते. तो सहसा पाहायला सांगितला जात नाही, कारण पेनी शेअर्समध्ये तो बहुधा अगदी लहान निघतो.

बाजार बंद झाल्यावर एक मोठा सौदा 'टी' खुणेसह दिसतो. तो संकेत आहे का?

खुणेचा अर्थ एवढाच की सौदा सकाळी ९:३० ते दुपारी ४ या वेळेबाहेर झाला. दिवसभरात तुकड्यातुकड्याने केलेल्या ऑर्डरीचा हिशेब गिऱ्हाइकाशी सरासरी भावाने नंतर मिटवला, तरी असा सौदा उमटतो. त्यावरून उद्याचा भाव सांगणाऱ्यांचे ऐकू नका.

नेस्ले, टेन्सेंट यांचेही शेअर्स ओटीसीत दिसतात. त्यांचा व्हॉल्यूमही असाच वाचायचा?

अजिबात नाही. या कंपन्यांचा खरा बाजार झुरिक किंवा हाँगकाँगला आहे, अमेरिकेत फक्त त्यांची सावली दिसते. पाच अक्षरी खुणेच्या शेवटी 'वाय' असेल तर ती अमेरिकन डिपॉझिटरी पावती (मूळ शेअर्स ठेवून घेऊन त्यांच्या बदल्यात अमेरिकेत काढलेली), 'एफ' असेल तर परदेशी मूळ शेअर. 'एफ'वाल्याचा व्हॉल्यूम कित्येकदा दिवसाला शेकड्यांत असतो. त्याने घाबरू नका, पण त्याच कंपनीची 'वाय' पावती मिळत असेल तर तीच घ्या. बिड आणि आस्क यांतली दरी तिथे कमी असते. भाव योग्य आहे का, हे मायदेशातल्या भावाला चलनाच्या दराने आणि एका पावतीमागे किती शेअर्स आहेत त्याने गुणून तपासा.

मोठा व्हॉल्यूम म्हणजे काहीतरी काळेबेरेच, असे समजायचे का?

तसेही नाही. गृहकर्ज क्षेत्रातल्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन महाकाय संस्था जुलै २०१० मध्ये न्यूयॉर्क एक्सचेंजवरून उतरल्या आणि तेव्हापासून ओटीसीत भरपूर व्हॉल्यूमने खेळल्या जातात. सरकार त्यांचे पुढे काय करणार यावर मोठमोठे फंड बाजी लावतात. ग्रेस्केलचा बिटकॉइन ट्रस्ट जानेवारी २०२४ मध्ये ईटीएफ, म्हणजे एक्सचेंजवर खेळला जाणारा फंड, होईपर्यंत ओटीसीक्यूएक्सवरच होता. अशा ठिकाणी व्हॉल्यूममागे माहिती असते, अहवाल असतात, दोन्ही बाजूंना जाणकार उभे असतात.

माझ्या शेअरचा व्हॉल्यूम शून्य झाला आहे आणि भावही दिसत नाही. काय झाले?

कंपनीने माहिती देणे थांबवले असावे. नियम १५सी२-११ मधल्या बदलांची अंमलबजावणी २८ सप्टेंबर २०२१ पासून झाली. ताजी माहिती जाहीर नसलेल्या कंपन्यांचे दर सर्वसामान्यांना दाखवणे तेव्हापासून बंद झाले आणि असंख्य शेअर्स एक्स्पर्ट मार्केटमध्ये गेले. बहुतेक ब्रोकर तिथे फक्त विकू देतात. एसईसीने स्थगिती दिलेला शेअर नंतर ग्रे मार्केटमध्ये पडतो, तिथे दरच लावले जात नाहीत. अशा ठिकाणी झालेल्या एखाद्या सौद्याच्या भावावरून आपल्या शेअर्सची किंमत मोजू नका. नावाशेजारी कवटी आणि हाडांचे चित्र असेल तर तो ओटीसी मार्केट्सने दिलेला सावधतेचा इशारा आहे. तो असताना कितीही व्हॉल्यूम दिसला तरी मी हात लावत नाही.

भारतात राहून हे शेअर्स घेता येतात का?

रिझर्व्ह बँकेच्या योजनेत निवासी व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. मात्र २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांत मान्यताप्राप्त एक्सचेंजवर नोंद असलेले आणि नसलेले शेअर्स यांना वेगळी वागणूक आहे, आणि ओटीसी हे एक्सचेंज नाही. पैसे पाठवण्याआधी सीएला स्पष्ट विचारा. पुण्यात किंवा पणजीत बसून हा बाजार बघायचा तर उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ते रात्री १:३०, हिवाळ्यात ८ ते २:३० जागावे लागते, आणि झोपेत असलेल्या माणसाला दहा डॉलरवरून दीड डॉलरवर येणारा शेअर विकता येत नाही.

मी आधीच अडकलोय. कमी व्हॉल्यूमचा शेअर विकायचा कसा?

मार्केट ऑर्डर, म्हणजे 'मिळेल त्या भावाला विका' अशी ऑर्डर, कधीच टाकू नका. एक्सचेंजवर चांगला भाव ओलांडून खालच्या भावाला सौदा करू नये असा नियम आहे, तो ओटीसी शेअर्सना लागू नाही. ब्रोकरने तुमच्यासाठी रास्त भाव शोधायचा असतो, पण बिडच १०,००० शेअर्सचा असेल आणि तुम्ही २ लाख फेकले, तर उरलेले कुठे जाऊन पडतील याला धरबंध नाही. लिमिट ऑर्डर, म्हणजे 'या भावाखाली विकू नका' अशी ऑर्डर, लावा, ती आस्कच्या किंचित खाली ठेवा आणि लहान तुकडे करा. आधी काढलेला मधला व्हॉल्यूम समोर ठेवून रोजचा हिस्सा ठरवा.

व्हॉल्यूम उसळण्याचा दिवस आला, तर तो तुमच्यासाठी दार उघडल्याचा दिवस आहे. तेव्हाच मन म्हणते, आता वाढतोय तर थांबू. मी त्या दिवशी निदान निम्मा माल काढतो, भाव पुढे वाढला तरी. अमेरिकेत कर भरत असाल तर भांडवली तोटा आधी भांडवली नफ्यातून वजा होतो आणि उरलेल्यापैकी वर्षाला ३,००० डॉलरपर्यंत पगारासारख्या उत्पन्नातून, बाकीचा पुढच्या वर्षांत जातो. त्यासाठी विक्री ३१ डिसेंबरच्या आत झालेली हवी, आणि कमी व्हॉल्यूमचा शेअर त्या शेवटच्या आठवड्यात विकायला निघू नका : तेव्हा सगळेच अडकलेले एकाच अरुंद दाराशी उभे असतात. ऑक्टोबरमध्ये सुरुवात करा.